१८३४ पूर्वीचं अमेरिकन सोन्याचं नाणं: घेण्याआधी काय, केव्हा आणि कोणत्या क्रमाने

अमेरिकेतल्या ओळखीपाळखीतून मला वर्षाकाठी चार-पाच फोन तरी एकाच छापाचे येतात. "एक हाफ ईगल घेतलाय, १८०७ चा. फोटो पाठवतो, जरा बघून सांग." घेतलाय म्हणजे पैसे मोजून झालेत. आता माझ्याकडून फक्त "छान आहे" एवढंच ऐकायचं असतं. फोटोत नाणं नव्या पाटलीसारखं झळकत असतं आणि बहुतेक वेळा तेच त्याचं दुखणं असतं.

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १७९५ ते १८३४ या काळात पडलेली सोन्याची नाणी कशी पारखायची आणि कशी घ्यायची, एवढाच या लेखाचा विषय. लोकांचं चुकतं ते क्रमात: आधी नाणं, मग पुस्तक, मग हळहळ. खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. तिसरा टप्पा कंटाळवाणा वाटेल, तरी तो गाळू नका.

टप्पा १: सामान जमवा, वजनं पाठ करा

सामान फार लागत नाही. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा, पाच ते दहा पट मोठं दाखवणारं भिंग, व्यास मोजायला व्हर्नियर आणि साधा पिवळ्या उजेडाचा एकच बल्ब असलेला टेबललॅम्प. खोलीतला ट्यूबलाइट बंद करायचा. पसरलेल्या उजेडात नाण्याचे दोष लपतात. टेबलावर जाड मऊ कापड घाला आणि नाणं नेहमी दोन बोटांनी कडेवर धरा.

आता वजनं. १८३४ पर्यंतचं हे सोनं २२ कॅरेटचं, ०.९१६७ शुद्धतेचं. दहा डॉलरचा ईगल १७.५० ग्रॅम, पाच डॉलरचा हाफ ईगल ८.७५ ग्रॅम आणि अडीच डॉलरचा क्वार्टर ईगल ४.३७ ग्रॅम. आपल्याला हे लक्षात ठेवणं सोपं आहे. जुना तोळा १८० ग्रेनचा आणि ईगल २७० ग्रेनचा, म्हणजे ईगल बरोबर दीड तोळा, हाफ ईगल नऊ मासे आणि क्वार्टर ईगल साडेचार मासे. हा निव्वळ योगायोग, पण मला तरी तेव्हापासून तक्ता उघडावा लागलेला नाही.

व्यास: ईगल ३३ मिलिमीटर. हाफ ईगल सुमारे २५, पण १८२९ मध्ये तो २३.८ वर आला. क्वार्टर ईगल १८०८ पर्यंत सुमारे २०, आणि १८२१ पासून १८.५ च्या आसपास.

तपासणी: नाण्यावर १८३४ साल दिसलं की आधी गरुडाच्या डोक्यावर "ई प्लुरिबस युनम" ही पट्टी आहे का बघा. त्या वर्षाच्या मध्यात कायदा बदलला आणि हाफ ईगल ८.३६ ग्रॅमचा झाला. पट्टी असेल तर ते जुन्या वजनाचं, दुर्मीळ आणि महाग नाणं. पट्टी नसेल तर नव्या वजनाचं, भरपूर मिळणारं. दोन्हींवर साल तेच असलं तरी भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणखी एक घोटाळा नेहमीचा. "यावर किंमतच लिहिलेली नाही, खोटं असेल" असं म्हणून लोक चांगलं नाणं सोडतात. हाफ ईगलवर "५ डी." ही अक्षरं १८०७ च्या नव्या नमुन्यापासून आली, क्वार्टर ईगलवर किंमत १८०८ पासून. १७९५ ते १८०४ च्या ईगलवर ती कधीच नव्हती. उलट १८०३ च्या हाफ ईगलवर "५ डी." दिसलं, तर तिथूनच परत फिरायचं.

टप्पा २: काय घ्यायचं ते कागदावर लिहा

सुरुवात हाफ ईगलनेच करा. ईगल खिशाला जड जातो. १८३४ पूर्वीचे क्वार्टर ईगल मुळात थोडेच पडले. १८०८ च्या क्वार्टर ईगलचा नमुना एकाच वर्षी चालला, नाणी पडली २,७१०, आणि प्रत्येक नमुन्याचं एकेक नाणं जमवणारे सगळेच त्याच्यामागे असतात. नवख्याने त्या गर्दीत शिरू नये.

हाफ ईगलचे चार नमुने ओळखता आले पाहिजेत:

१. छोट्या गरुडाचा, १७९५ ते १७९८. महाग. पहिलं नाणं म्हणून नको.

२. छातीवर ढाल असलेल्या मोठ्या गरुडाचा, १८०७ पर्यंत, पुढच्या बाजूला स्वातंत्र्यदेवतेचा चेहरा उजवीकडे. १८०० नंतरची सालं त्यातल्या त्यात मिळतात. यातल्या १८०२ च्या सगळ्या नाण्यांवर २ हा आकडा १ वर ठोकलेला आहे आणि १८०३ च्या सगळ्यांवर ३ हा २ वर. विक्रेता "ओव्हरडेट आहे, म्हणून जास्त" म्हणाला तर नुसतं हसा.

३. टोपीवाला, चेहरा डावीकडे, १८०७ ते १८१२. माझ्या मते पहिल्या नाण्यासाठी हाच सर्वांत बरा नमुना.

४. फक्त डोकं, भोवती ताऱ्यांचं कडं, १८१३ ते १८३४. यातलं १८१३ सापडतं, १८१८ आणि १८२० प्रयत्नाने. बाकीच्या बहुतेक वर्षांची नावं काढू नका.

आपल्याकडच्या संग्राहकांना राणीछाप रुपयांपासून सवय लागलेली असते सालवार मालिका पुरी करायची. इथे तो नाद सोडा. १८१५ चे हाफ ईगल पडले ६३५. १८२२ चे आज तीनच माहीत आहेत. त्यातले दोन स्मिथसोनियनमध्ये आहेत आणि तिसरा २०२१ च्या लिलावात ८४ लाख डॉलरला गेला. एकेका नमुन्याचं एकेक चांगलं नाणं, हा संग्रहसुद्धा आयुष्यभर पुरतो.

हात बसवायला आधी १८३४ चं बिनपट्टीचं, हलक्या वजनाचं नाणं घ्या, असा सल्ला मी देतो. त्यात चूक झाली तरी ती परवडते.

टप्पा ३: शंभर बघा, एकही घेऊ नका

हेरिटेज आणि स्टॅक्स बॉवर्स या लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर जुन्या लिलावांचे मोठे, स्पष्ट फोटो आहेत. नाणी तपासून त्यांना ग्रेड, म्हणजे दर्जाचा आकडा, देणाऱ्या पीसीजीएस या कंपनीच्या कॉइनफॅक्ट्स संकेतस्थळावरही आहेत. एक साल निवडा आणि त्याची मिळतील तेवढी नाणी बघत बसा.

उदाहरणाला १८०६ घ्या. या सालचा ६ दोन प्रकारे कोरलेला आहे: एकाचं टोक अणकुचीदार, दुसऱ्याचं गोल, गाठीसारखं. टोकदार सहाच्या नाण्यावर डावीकडे आठ आणि उजवीकडे पाच तारे. गोल सहाच्या नाण्यावर डावीकडे सात, उजवीकडे सहा. आता समजा कुणी गोल सहाचं आणि आठ-पाच ताऱ्यांचं नाणं समोर ठेवलं. वजन बरोबर, रंग बरोबर, विक्रेता सज्जन. तरी ते नाणं घ्यायचं नाही, कारण तसा ठसा टांकसाळीत झालेलाच नाही.

या काळात प्रत्येक ठसा हाताने घडवलेला असे. तारे, अक्षरं, आकडे एकेक करून ठोकत, त्यामुळे कुठला तारा टोपीच्या किती जवळ आला, कुठला आकडा छातीला टेकला, हे दर ठशात वेगळं असतं. पुढचा अमुक ठसा आणि मागचा तमुक ठसा अशा जोड्यांना हॅरी बास आणि जॉन डॅनरूथर यांच्या नावाने बीडी क्रमांक आहेत. गोल सहाचं नाणं म्हणजे बीडी-६. तुमच्यासमोरचं नाणं कोणत्याच बीडी जोडीशी जुळत नसेल, तर नवी जोडी सापडल्याच्या आनंदात नाचू नका. ते नाणं खोटं असण्याचीच शक्यता फार मोठी.

फोटोंवर डोळा तयार झाला की प्रत्यक्ष बघायला जा. जानेवारीत फ्लोरिडातलं "फन" नावाचं नाण्यांचं प्रदर्शन, बाल्टिमोरचं प्रदर्शन, उन्हाळ्यात अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनचं. खिशात पाकीट नेऊ नका, भिंग न्या. "आज फक्त शिकायला आलोय" असं सरळ सांगितलं तर बरेच विक्रेते नाणं हातात देतात. त्यांच्या टेबलावर गिऱ्हाइकांची गर्दी असेल तेव्हा मात्र हे विचारू नये, एवढी लाज बाळगा.

टप्पा ४: पृष्ठभाग वाचा

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. मीही इथेच आपटलो. एका प्रदर्शनात १८०७ चं, होल्डरबाहेरचं (ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद डबीत नसलेलं) नाणं होतं. काळी मखमल, वर पांढराशुभ्र दिवा, आणि नाणं असं झळाळत होतं की मी घासाघीससुद्धा केली नाही. त्या महिन्यात आई साताऱ्याहून आलेली होती. तिने चष्मा कपाळावर सारला, नाणं डोळ्याजवळ नेलं आणि म्हणाली, "रिठ्यानं धुतल्यासारखं दिसतंय रे." मी हसण्यावारी नेलं. ग्रेडिंगला पाठवलेलं नाणं परत आलं तेव्हा चिठ्ठीवर दोन शब्द होते: "डिटेल्स, क्लीन्ड." म्हणजे अस्सल, पण घासून उजळलेलं. उजळून आणलेला दागिना ओळखायला तिला भिंग लागलं नव्हतं.

चमक. ठसा बसताना धातू मधून कडेकडे वाहतो आणि त्याच्या सूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. दिव्याखाली नाणं हळूहळू कलंडवलं की उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो. घासलेल्या नाण्यात उजेड फिरत नाही, सगळीकडे एकदम चमकतो नाहीतर कुठेच चमकत नाही. आता चेहऱ्यासमोरची आणि मानेमागची मोकळी जागा भिंगाने बघा. केसाएवढ्या बारीक, एकाच दिशेच्या रेघांचा झुपका दिसला तर कुणीतरी फडकं फिरवलेलं आहे. न छेडलेल्या जुन्या सोन्याचा रंग थोडा मंद असतो, कुठे हिरवट, कुठे लालसर, आणि अक्षरांच्या कडेला मळ साचलेला. तो मळ म्हणजे चांगली खूण.

कानशीच्या रेघा. इथे लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. टांकसाळीत कोरी चकती जास्त वजनाची निघाली तर कानशीने घासून वजनात आणत आणि मग तिच्यावर ठसा मारत. त्या समांतर रेघा कित्येक अस्सल नाण्यांवर दिसतात, आणि त्या जन्मखुणा आहेत. ओळखायचं असं: ठशाच्या दाबाखाली त्या दबून बोथट झालेल्या असतात, उंच भागावर अर्धवट पुसलेल्या आणि काठ न उचललेला. नंतर पडलेला ओरखडा मात्र केसांवरून, ताऱ्यावरून, मोकळ्या जागेवरून सारखाच कापत जातो आणि त्याच्या काठाला उचललेला धातू दिसतो. हलक्या कानशीच्या रेघांमुळे नाणं नाकारू नका. चेहऱ्यावर आडव्या ठळक असतील तर किंमत कमी करून मागा.

कडी आणि टाका. पुतळ्यांची माळ पाहिलेल्या कुणालाही हे सांगायला नको. तिकडेही सोन्याची नाणी गळ्यात आणि घड्याळाच्या साखळीत गेली. नंतर कडी काढली, टाका घासला, जागा सपाट केली. आधी वरची कड बघा, चेहऱ्याच्या माथ्यावरची. मग नाणं फिरवून पूर्ण दंतुर कड बघा. मध्येच दाते गायब आहेत का? एखाद्या ठिकाणी सोन्याचा रंग वेगळा आहे का? भोक बुजवलेलं असेल तर दोन्ही बाजूंना नेमकी समोरासमोर विचित्र गुळगुळीत जागा असते आणि तिथली अक्षरं नंतर कोरल्यासारखी दिसतात.

झीज की अपुरा ठसा? कानावरचे केस, टोपीची घडी, मागच्या ढालीच्या रेषा हे भाग सपाट दिसले की लोक झीज समजतात. झिजलेला भाग गुळगुळीत आणि रंगाने वेगळा असतो. ठसाच न बसलेला भाग सपाट असला तरी त्याचा पोत शेजारच्या भागासारखाच असतो. हा फरक फोटोत दिसेलच असं नाही, नाणं हातात घ्यावं लागतं.

थांबा: वरच्या चारपैकी एका बाबतीतही "बहुतेक ठीक असेल" असं मनात आलं तर नाणं परत ठेवा.

टप्पा ५: होल्डरची खातरजमा

नवख्याने होल्डरबाहेरचं नाणं घेऊच नये. पीसीजीएस किंवा एनजीसीच्या सीलबंद होल्डरमध्ये असलेलंच बघा. तरी होल्डर म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे.

क्रम असा. होल्डरवरचा क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाका. साल, नमुना, ग्रेड जुळतात का ते बघा. तिथे फोटो असेल तर तो उघडा आणि समोरच्या नाण्यावरचा एखादा बारीक डाग किंवा ओरखडा त्यात शोधा. सापडला तरच पुढे जा. खोट्या होल्डरवर खऱ्या नाण्याचा क्रमांक छापलेला असतो, म्हणून नुसता क्रमांक जुळून भागत नाही.

चिठ्ठीवर आकड्याऐवजी "डिटेल्स" असेल तर नाणं अस्सल पण दुखावलेलं. ते घेणं पाप नाही. माझं ते १८०७ चं अजून माझ्याकडे आहे. पण ते त्याच भावाने घ्या आणि विकताना गिऱ्हाईक शोधावं लागेल हे धरून चाला. होल्डरवर सीएसी या संस्थेचा हिरवा स्टिकर म्हणजे आणखी एका तज्ज्ञ नजरेला ते नाणं त्याच्या ग्रेडमध्ये चांगलं वाटलं. पहिल्या खरेदीला स्टिकर असलेलं एक पायरी खालच्या ग्रेडचं नाणं, बिनस्टिकरच्या वरच्या ग्रेडपेक्षा मी आधी घेईन.

वारशात होल्डरबाहेरचं नाणं आलं असेल तर वजन करा, मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळतं ठेवून वजन करा. पूर्ण वजनाचा अस्सल हाफ ईगल पाण्यात सुमारे ०.४९ ग्रॅम हलका भरतो. सोन्याचा मुलामा दिलेली चांदी असेल तर फरक पाऊण ग्रॅमच्याही वर जातो. नाणं पुसू नका, मऊ कापडावर ठेवून आपोआप वाळू द्या.

सावध: ही परीक्षा उतरली म्हणजे नाणं खरं ठरलं असं नाही. खऱ्या सोन्यात पाडलेली खोटी नाणीही आहेत. परीक्षा फसली तर मात्र विषय संपला.

टप्पा ६: भाव आणि बोली

छापील भावपुस्तकातला आकडा बाजूला ठेवा. त्याच सालच्या, त्याच ग्रेडच्या नाण्यांचे गेल्या दोन-तीन वर्षांतले लिलावातले भाव काढा, प्रत्येकाचा फोटो बघा आणि तुमच्यासमोरचं नाणं त्यांत कुठे बसतं ते ठरवा. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव का आला हे फोटोवरून कळलं, तर तुमची तयारी झाली असं समजा. नाण्यातल्या सोन्याची किंमत (हाफ ईगलमध्ये शुद्ध सोनं जेमतेम ८ ग्रॅम) इथे तळाचा आधार म्हणूनही फारशी कामाची नाही, कारण ही नाणी झिजलेलीसुद्धा त्याच्या कितीतरी वर जातात.

लिलावात बोलीवर खरेदीदाराकडून वेगळं कमिशन घेतात आणि नवखे तेच विसरतात. समजा तुमची मर्यादा ८,००० डॉलर आहे आणि कमिशन २२ टक्के. मग बोली ६,५०० ला थांबली पाहिजे, कारण कमिशन धरून ते ७,९३० होतात. वर टपाल, विमा आणि राज्यानुसार विक्रीकर. हा आकडा आदल्या दिवशी कागदावर लिहून पडद्याला चिकटवा. लिलाव चालू झाल्यावर "अजून एकच" म्हणणारा माणूस आपल्यातच बसलेला असतो.

थेट विक्रेत्याकडून घेत असाल तर परतीची मुदत लेखी घ्या आणि नाणं घरी आल्यावर त्याच दिवशी टप्पा ४ पुन्हा करा.

टप्पा ७: घरी आणल्यावर

होल्डर फोडू नका. पावती, होल्डरचा क्रमांक आणि दोन्ही बाजूंचे फोटो नाण्यापासून वेगळ्या जागी ठेवा. अमेरिकेतल्या नेहमीच्या घरविम्यात नाण्यांसाठी भरपाईची मर्यादा बहुधा २०० डॉलरची असते, त्यामुळे वेगळा विमा लागतो. बँकेच्या लॉकरमधल्या वस्तूंना एफडीआयसीचं, म्हणजे बँकठेवींच्या सरकारी विम्याचं, संरक्षण नाही. विकताना लक्षात ठेवा: वर्षभराहून अधिक ठेवलेल्या नाण्यावरच्या नफ्याला फेडरल कर २८ टक्क्यांपर्यंत लागू शकतो, शेअरचा दर इथे चालत नाही.

आता भारताचं. "पुण्याच्या घरी लॉकरमध्ये ठेवू, दिवाळीला येताना घेऊन येतो" हा विचार बऱ्याच जणांच्या मनात असतो. आणताना सोन्याचं नाणं कस्टम्सला जाहीर करावं लागतं आणि शुल्काचे नियम बदलत राहतात, म्हणून तिकिटाच्या आधी कस्टम्सच्या सल्लागाराला विचारा. त्याहून मोठी अडचण परत नेण्याची. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं हे पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेण्याची खासगी व्यक्तीला मुभा नाही. एकदा आलेलं १८०७ चं नाणं उद्या न्यूयॉर्कच्या लिलावात पाठवू म्हटलं तर अडकून बसेल. माझी नाणी म्हणून न्यूजर्सीतच आहेत.

शेवटचं काम पाच मिनिटांचं. नाण्याच्या डबीत मराठीत एक चिठ्ठी ठेवा: काय आहे, कितीला घेतलं, पावती कुठे आहे, विकायचं झालं तर कुणाला विचारायचं. आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, "सोनाराकडे नेऊ नये, धुवू नये."